घरचा वॉटर ब्लॉक : तांबं स्वस्त, सपाटपणा महाग

प्रोसेसर थंड ठेवणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक घरी करायचा, तर खर्च किती? नुसता ब्लॉक दोन ते सव्वातीन हजारांत होतो. पण त्याला रेडिएटर, पंप, टाकी आणि नळ्या जोडल्या की आकडा सहज दहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग नाही. हाताने काम करायची हौस असेल, तरच यात पडावं.

खर्चाचा अंदाज (एका नगासाठी, किरकोळ भावाने, रुपयांत)

- तांब्याचा तुकडा, ५० × ५० × १० मि.मी. : ३०० ते ४००
- वर्कशॉपमध्ये पाण्याच्या खाचा पाडणं : ६०० ते १,०००
- ॲक्रिलिकचं झाकण : २०० ते ३००
- ओ-रिंग : ५० ते १००
- दोन पितळी निपल : १५० ते २५०
- पट्टी, बोल्ट, स्प्रिंगा : २०० ते ३००
- वॉटर पेपर आणि काचेचा तुकडा : २०० ते २५०
- थर्मल पेस्ट : ३०० ते ६००

एवढा तांब्याचा तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तांब्याचा भाव सतत खालीवर होतो, म्हणून वजन करूनच घ्या. निपल, बोल्ट, पेपर पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. एकाच नगाचं काम घ्यायला वर्कशॉपवाले कां-कूं करतात, कारण मशीनवर जॉब बांधण्यातच वेळ जातो. दोघा-तिघांनी मिळून नग दिले, तर दर उतरतो. खाचांखाली दोन-तीन मि.मी. तळ शिल्लक ठेवायला आधीच सांगा.

घासकाम

इथे खर्च नाममात्र, पण ब्लॉकचं नशीब इथेच ठरतं. जाड काच ओट्यावर ठेवा आणि तिच्यावर वॉटर पेपर ताणून चिकटवा. ब्लॉकच्या तळावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. तांबं मऊ असतं, कोरडा पेपर लगेच भरतो. ब्लॉक खालून, तळालगत धरा आणि वजन न टाकता सरळ पुढे-मागे सरकवा. थोड्या फेऱ्यांनी ब्लॉक काटकोनात वळवा. कडांच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या, तर मध्ये खळगा आहे. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत ३२० नंबरचा पेपर सोडू नका. मग ४००, ६००, ८०० आणि शेवटी १०००. तळ आरशासारखा चमकायलाच हवा असं नाही. तो सपाट हवा. २००० नंबरच्या पेपरचे पैसे वाचवलेत तरी चालेल.

प्रोसेसरची टोपी मात्र घासू नका, वॉरंटी जाते. घासकाम कॉम्प्युटरपासून लांब करा. तांब्याची पूड वीजवाहक असते. ती मदरबोर्डवर पडली, तर शॉर्टसर्किटचा धोका असतो.

बसवणी

ब्लॉक बोर्डवर धरून ठेवणाऱ्या पट्टीला भोकं पाडण्याआधी सॉकेट कोणतं ते पाहा. भोकांमधलं अंतर इंटेलच्या एलजीए १२०० ला ७५ × ७५ मि.मी., एलजीए १७०० ला ७८ × ७८ मि.मी., तर एएमडीच्या एएम४ आणि एएम५ ला ५४ × ९० मि.मी. असतं. तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲक्रिलिकला मात्र ते लागू देऊ नका, बारीक तडे जातात.

पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब ठेवा आणि बोल्ट समोरासमोरचे, एक-दोन आटे करत आवळा. स्प्रिंगांमुळे दाब चारही बाजूंनी सारखा राहतो. स्प्रिंगा नसतील तर जादा आवळल्याने बोर्ड वाकतो. पहिल्यांदा बसवलेला ब्लॉक एकदा काढून पेस्टचा ठसा बघा. एका बाजूला थर जाड दिसला, तर दाब तिरका पडतोय. ठसा नीट आला की जुनी पेस्ट पुसून नव्याने लावा.

इथे हात आखडू नका

रेडिएटर तांबं-पितळेचाच घ्या. ॲल्युमिनियमचा स्वस्त पडतो, पण तांब्याच्या ब्लॉकसोबत एकाच पाण्यात आला की तो गंजून सडतो. नळाचं पाणी वापरू नका. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक कूलंट घाला. ग्लायकॉल असलेलं कूलंट विषारी असू शकतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका. जोडणी कॅबिनेटबाहेर करा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि वेगळ्या १२ व्होल्ट ॲडॉप्टरवर नुसता पंप २४ तास चालवा. एक टिश्यू ओला झाला, तरी पुन्हा खोला. गळतीने मदरबोर्ड गेला, तर ब्लॉकच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो.

घ्यायचं की करायचं?

फक्त प्रोसेसरचं तापमान उतरवायचं असेल, तर दोन-तीन हजारांचा चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो, आणि त्यात गळायला काही नसतं. घरीच करायचं ठरलं, तर आधी रेडिएटर आणि पंपाचे भाव काढा, ते परवडत असतील तरच तांबं घ्या.