माशाच्या कल्ल्यांवरील बिऱ्हाडकरू

घरीं रोहू मासा आणला म्हणजे त्याच्या डोक्याच्या बाजूचें झांकण हळूच उचलून पाहा. आंत प्रत्येक बाजूस ४ कमानी दिसतील, व प्रत्येक कमानीवर लाल तंतूंच्या दोन ओळी कंगव्याच्या दातांप्रमाणें बसविलेल्या आढळतील. हेच माशाचे कल्ले. येथें पाणी व रक्त यांमध्यें अत्यंत पातळ पडदा असतो. त्यांतून प्राणवायु रक्तांत शिरतो. जी जागा माशास श्वास देते तीच परोपजीवी जीवांस आश्रय देते. कारण तेथें ताजें पाणी सतत वाहतें व अन्नही हाताशीं असतें. परंतु हे बिऱ्हाडकरू वाटेल तेथें बसत नाहींत.

पहिलें कारण पाण्याचा प्रवाह. गोड्या पाण्यांतील ॲनोडोंटा नामक शिंपल्याचीं पिल्लें कांहीं काळ माशाच्या अंगावर वाढतात. त्यांस पोहतां येत नाहीं. प्रवाह नेईल तिकडे तीं जातात. १९६८ सालीं पेलिंग या संशोधकानें ट्राउट माशाच्या प्रत्येक कमानीवरील पिल्लें मोजून, कोणत्या कमानीवरून किती पाणी जातें याचा अंदाज बांधला. मधल्या दोन कमानींवरून, म्हणजे दुसरी व तिसरी यांवरून, अधिक पाणी जातें असें त्यास आढळलें.

दुसरें कारण वंशवृद्धि. युरोपांत ब्रीम माशाच्या कल्ल्यांवर राहणाऱ्या डिप्लोझून कृमीचें वर्णन नॉर्डमन यानें १८३२ सालीं केलें. त्याचीं दोन पिल्लें भेटलीं म्हणजे एकमेकांस चिकटून जन्मभर एकदेह होतात. जोडीदार न मिळालेलें पिल्लूं वाढ पुरी न होतांच मरतें. असे जीव दूरदूर विखुरले तर त्यांचा वंश कसा चालावा? ठराविक जागीं वस्ती करण्यांत त्यांचें हित आहे.

माशाचें हित मात्र त्यांत नाहीं. डॅक्टिलोगायरस व्हास्टेटर हा सुमारें १ मिलिमीटर लांबीचा कृमि कार्प माशाच्या तंतूंच्या टोंकांशीं आंकड्यांनीं घट्ट धरून बसतो. व्हास्टेटर म्हणजे उजाड करणारा. त्याच्या उपद्रवानें तंतूंवरील त्वचा जाड होते, पाणी व रक्त यांतील अंतर वाढतें, आणि लहान पिल्लें भरल्या पाण्यांत गुदमरून मरतात. त्याचीं अंडीं पाण्यांतच फुटतात व निघालेलीं पिल्लें सरळ दुसरा मासा गांठतात. म्हणून दाटीच्या तळ्यांत त्याचें फावतें. या कुळांतील कृमि आपल्याकडील रोहू व कटला यांनाही लागतात.

ज्यांच्या घरीं मत्स्यशेती आहे त्यांनीं हें ध्यानीं धरावें. मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकूं लागले तर पाण्यांतील प्राणवायु कमी झाला असेल. पण तेवढ्यावर न थांबतां झांकण उचलून कल्लेही पाहावे. ते फिकट वा बुळबुळीत दिसल्यास जाणत्याकडून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून घ्यावे. तळ्यांत दाटी करूं नये, आणि नवे मासे कांहीं दिवस वेगळे ठेवून मगच सोडावे. देवानें आपल्या हातीं सोंपविलेल्या मुक्या जीवांची राखण अशा डोळस पाहणीनेंच होते.