पागोट्यांची पेटी

लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमचा रात्रीचा वाचनवर्ग चालतो. वर्गाला एक मावशी येतात. वय साठीच्या पुढे. एकदा त्या दोन दिवस आल्या नाहीत, म्हणून आम्ही घरी गेलो. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात एक लांबच लांब लाल कापड. अर्धे फाडून झाले होते.

"काय करायलाव, मावशी?"

"गोधडी शिवायलेय, नातवाला."

"आन् हे कापड कशाचं?"

"मामंजीचं पागोटं हाय. ट्रंकेत पडून होतं, कसर लागायली होती. आता कोण बांधतंय? म्हणलं, उबेला तरी येईल."

आम्ही खाली बसलो. विचारले, हे पागोटे मामंजी कधी बांधायचे? मावशी हात थांबवून सांगू लागल्या. बाजाराला जाताना बांधायचे. लेकीबाळींच्या लग्नात बांधायचे. आडाला दोर अपुरा पडला तर हेच पागोटे दोराला जोडायचे. आणि पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, घरची माणसे रानात जाऊन राहिली, तेव्हा याच पागोट्यात भाकरी बांधून नेल्या होत्या. मावशींनी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. सासूच्या तोंडून ऐकले होते.

एवढे सांगून झाल्यावर मावशींनी कापडाकडे पाहिले आणि कात्री बाजूला ठेवली. उरलेले अर्धे पागोटे आमच्या वर्गाच्या पेटीत आले. आमच्या संग्रहातली ती पहिली वस्तू.

आता तुम्ही म्हणाल, संग्रह करणे हे पैसेवाल्यांचे काम. आपल्याला कसे जमणार? पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनी पाहिले असेल. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वाद्ये आहेत, घरातली भांडीकुंडी आहेत. हे सारे जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) राजे नव्हते. त्यांच्या घरचे चष्म्याचे दुकान होते. 'राजा' हे त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे नाव. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला ते नाव दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते त्यांनी जमवले. आपल्याला वीस हजार वस्तू नकोत. एका गावाची डोकी एका पेटीत मावतात.

पेटीत काय काय येईल ते पाहा. लोक पगडी आणि पागोटे एकच समजतात, पण तसे नाही. पागोटे रोज नव्याने बांधायचे आणि रोज सोडायचे. पगडी एकदाच बांधून, टाके घालून पक्की करतात. मग ती टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. आपल्याकडे खेड्यात पगडी थोडी, पागोटी फार. फेटा साधारण साडेतीन ते सहा मीटर लांब आणि मीटरभर रुंद असतो. चौकोनी कापड डोक्याला गुंडाळले की तो रुमाल. शिवाय म्हाताऱ्यांची कानटोपी. तान्ह्या लेकराचे टोपडे, खणाची कुंची. पावसात घोंगडीची करतात ती खोळ. लग्नातले बाशिंग. आणि बायकांची चुंबळ! पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती. तांड्यावरच्या लमाण बायका चुंबळीला कवड्या लावतात, भरतकाम करतात. टोप्या जमवणारे पुरुष चुंबळ विसरतात, कारण त्यांनी कधी घागर वाहिलेली नसते. आमच्याही ध्यानात ती मावशींनीच आणून दिली.

जुने तेवढेच घ्यावे असे नाही. बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी घ्या. निवडणुकीतल्या टोप्या घ्या. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनात अक्षरे छापलेल्या पांढऱ्या टोप्या निघाल्या होत्या. तसली एखादी कोणाच्या घरी असेल. आज जी टोपी खुंटीवर आहे, ती पन्नास वर्षांनी जुनी होणारच आहे.

खर्चाचे सांगतो. पत्र्याची पेटी एका घरी पडून होती, ती मिळाली. वही, पेन्सिल, सुई, पांढरा दोरा, एवढे आम्ही विकत आणले. शंभराची नोट पुरली. विकत घेण्याची घाई करू नका. जत्रेत कोणी 'ऐतिहासिक पगडी' म्हणून काही दाखवले, तर हात जोडून पुढे चला. तिचा धनी कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. एकाच प्रकारच्या दहा टोप्या जमवण्यातही अर्थ नाही. दहा प्रकारची एकेक असू द्या.

खरे काम आहे चिठ्ठीचे. इथे आमच्या हातून मोठी चूक झाली. पहिल्या महिन्यात वस्तू येत गेल्या. आम्ही आनंदाने पेटीत ठेवत गेलो. म्हटले, लिहायचे काय, पुढे लिहू. दिवाळीनंतर पेटी उघडली, तर आत तीन पांढरी पागोटी. कोणते कोणाचे, काही कळेना. देणाऱ्यांपैकी एक आजोबा तोवर वारले होते. त्यांच्या मुलाला बोलावले. त्याने तिन्ही हातात घेऊन पाहिली, वास घेऊन पाहिला. त्यालाही बापाचे पागोटे ओळखता आले नाही. तो काही न बोलता घरी गेला. ती तिन्ही पागोटी अजून पेटीत आहेत. चिठ्ठीवर एवढेच आहे: "पांढरे पागोटे. आपल्याच गावचे. कोणाचे ते समजले नाही."

तेव्हापासून आमचा नियम ठरला. वस्तू हातात आली की आधी चिठ्ठी, मग पेटी. चिठ्ठीवर लिहावे: वस्तूला घरात काय म्हणत, ती कोणाची, तो माणूस ती कधी वापरी, आम्हाला कोणी दिली, कोणत्या तारखेला. देणाऱ्याने एखादी आठवण सांगितली तर ती त्याच्याच बोलीत लिहावी, शुद्ध करत बसू नये. वस्तू पाहायला दिली असेल तर 'परत द्यायची' असे ठळक लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते, पेन्सिल टिकते. टाचणी लावू नका, ती गंजते आणि कापडाला डाग पडतो. पांढऱ्या दोऱ्याने एक सैल टाका घाला, बस्स. तोच मजकूर वहीतही उतरवा.

मावशींच्या पागोट्याची चिठ्ठी मावशींनीच लिहिली. त्याआधी त्यांनी सहीखेरीज कधी काही लिहिले नव्हते. पाच ओळींना एक तास लागला. 'भाकरी' हा शब्द त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिला.

एकदा एक गृहस्थ अंधार पडल्यावर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. उघडली तर लाल रुमी टोपी, काळ्या गोंड्याची. म्हणाले, "आमचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते. ठेवता का? लोक काय म्हणतील?"

या टोपीची हकिगत ऐका. मोरोक्को देशातल्या फेझ शहरावरून तिला फेझ म्हणतात. ती तुर्कस्तानात पसरली आणि तिथून पुष्कळ देशांत गेली. खुद्द तुर्कस्तानने १९२५ साली कायदा करून ती बंद केली. हैदराबाद संस्थानात मात्र ती पुढेही चालू राहिली. निजाम मीर उस्मान अली खान स्वतः ती घालत. नोकरीतले हिंदूही घालत, मुसलमानही घालत.

आमच्या पेटीत तोवर एक गांधी टोपीही आली होती. तिचीही हकिगत आहे. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी ती लिहून ठेवली आहे. १९२० च्या सुमारास गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतली शिरोवस्त्रे पाहिली. पागोट्याला कापड फार लागते. काळ्या टोपीचा मळ दिसत नाही, म्हणून ती कोणी धूत नाही. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना आवडला. तो धरून त्यांनी पांढऱ्या खादीची टोपी ठरवली. कापड थोडे, घडी करून खिशात मावते, मळली की दिसते म्हणून धुवावीच लागते. गंमत अशी की गांधीजींनी स्वतः ती फार दिवस घातली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे त्यांनी नुसता पंचा धरला आणि टोपी सुटली ती सुटलीच. आपल्याकडचे म्हातारे मात्र अजून घालतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटीतून मोकळा झाला. त्याआधी संस्थानात डोक्यावरच्या टोपीवरून माणूस कोणत्या बाजूचा, याचा लोक अंदाज बांधत.

या दोन टोप्या शेजारी ठेवायच्या का? वर्गात वाद झाला. एक आजोबा रागाने उठून गेले. त्यांच्या घराने रझाकारांचा जाच सोसलेला आहे, त्यांचा राग खोटा नाही. पण कारकुनाच्या नातवाचा संकोचही खोटा नाही. शेवटी आम्ही दोन्ही ठेवल्या. चिठ्ठीवर कोणाची आणि केव्हाची एवढेच लिहिले. आजोबा आठ दिवस आले नाहीत. मग आले, आणि बरोबर वडिलांचा पटका घेऊन आले.

पागोट्यावरून पूर्वी माणसाची जातही ओळखू येई. कोणी कसले बांधावे यावर गावोगाव बंधने होती, आणि ती मोडणाऱ्याने मार खाल्लेला आहे. कोणी तसे सांगितले तर तेही लिहा. लाजून गाळू नका.

नांदेडला गेलात तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जा. गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान १७०८ साली नांदेडला झाले. शीख बांधवांची दस्तार ही धर्माची वस्तू आहे, ती संग्रहासाठी मागू नये. त्यांची परवानगी असेल तर फोटो घ्यावा, बांधण्याची रीत विचारावी. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे आणि जनावरे पाहायला चहूकडून माणसे येतात. तिथे एका दिवसात जितके पटके दिसतील तितके एरवी वर्षात दिसणार नाहीत. पाहा, विचारा, वहीत लिहा. पाहण्याला पैसे पडत नाहीत.

राखण्याविषयी थोडे. लाल कापड पाण्यात घालण्याआधी कोपऱ्याला ओला पांढरा बोळा लावून पाहा. रंग सुटला तर धुऊ नका. जरीचे कापड धुऊच नका. उन्हात रंग उडतो, सावलीत वाळवा. खळ घालू नका, खळीला कसर लागते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद पिवळा पडतो आणि कापडही पिवळे करतो. जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा बरा. टोपीच्या आत मऊ चिंध्या भरा, म्हणजे ती बसत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पावसाळा सरला की सगळे बाहेर काढा, झटका, आणि घडी जुन्या ओळीवर न घालता दुसरीकडे घाला. तीच घडी राहिली तर कापड तिथेच तुटते.

एक गोष्ट मात्र पेटीत ठेवता येत नाही, ती म्हणजे बांधण्याची रीत. आमच्या गावात डोळे मिटून पागोटे बांधणारे आता दोघेच उरले आहेत. जुनी पागोटी ओढाताणीत फाटतील, म्हणून आम्ही नवे मांजरपाट आणले आहे. दर शनिवारी त्यांतले एक आजोबा वर्गात येतात आणि पोरांच्या डोक्यावर ते बांधून दाखवतात. कोणी तरी मोबाइलवर चित्रण करतो. आजोबा तोंडाने सांगत जातात, "हा पेच डावीकडं, आता शेव मागं," आणि मावशी ते वहीत लिहून घेतात. आजवर सात पेच लिहून झाले. आठवा अजून कोणाला नीट जमलेला नाही.