रुग्णशय्येचा अभिकल्पकार : ब्रूस आर्चर

औद्योगिक अभिकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोटारी, रेडिओ, फार तर खुर्च्या येतात. रुग्णालयातील खाट काही येत नाही. पण या विषयाला शास्त्रीय बैठक मिळवून देण्यात याच साध्या खाटेचा मोठा वाटा आहे. ब्रूस आर्चर (१९२२-२००५) या ब्रिटिश अभिकल्पकाराची कारकीर्द त्याची साक्ष देते.

आर्चर मूळचे यंत्र-अभियंते. जर्मनीतील उल्मच्या अभिकल्प विद्यालयात शिकवून ते १९६०नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आले. प्रा. मिशा ब्लॅक यांनी त्यांच्यावर रुग्णालयीन साधनांच्या संशोधनाचे काम सोपविले. नफील्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने त्यांच्या छोट्या गटाने चार विषय हाती घेतले : जखमेच्या वापरलेल्या पट्ट्या टाकण्याचे पात्र, औषधांची ढकलगाडी, आगीचा धूर अडविणारी दारे आणि खाट. पण पहिल्या अहवालानंतर पुढील साहाय्य मिळाले नाही. तेव्हा संशोधन चालू राहावे म्हणून आर्चर यांनी आइस्क्रीमच्या कारखान्यात काम केले!

पुढे किंग्ज फंड या संस्थेने खाटेचे काम उचलून धरले. प्रश्न वरवर सोपा होता. परिचारिकेला खाट उंच हवी, नाहीतर वाकून वाकून तिची पाठ भरून येते. रुग्णाला ती बुटकी हवी, म्हणजे उतरताना पाय जमिनीला टेकतात. मग ऐकायचे कोणाचे? आर्चर यांनी उत्तर आधी कागदावर रेखाटले नाही. खाटेशी संबंध येणाऱ्या सर्वांच्या गरजा त्यांच्या गटाने नोंदविल्या, त्यांतले परस्परविरोध मांडले आणि नमुन्याच्या खाटा चेस फार्म रुग्णालयात प्रत्यक्ष वापरून पाहिल्या. केनेथ अॅग्न्यू यांनी घडविलेली ही खाट गरजेप्रमाणे वर-खाली करता येई. १९६७ साली तिचे प्रमाणित तपशील प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या रुग्णालयांत ती रूढ झाली.

या खाटेवर कोणाची सही नाही. चित्रकाराला ही उणीव वाटेल. आर्चर यांच्या दृष्टीने मात्र निर्णयामागची कारणे इतरांना तपासता येणे अधिक मोलाचे होते. कलेच्या विद्यार्थ्याने त्यांच्यापासून घ्यावे ते हेच, की हात चालविण्यापूर्वी नीट पाहावे आणि विचारावे. आप्ताच्या उशाशी बसण्याची वेळ आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येतेच. तेव्हा एवढे जरूर पाहावे : उठून बसलेल्या रुग्णाचे पाय जमिनीला टेकतात काय?