पोवळ्याचा पुण्यातील आप्त

लक्ष्मी रस्त्यावरील सराफाच्या पेढीत लाल पोवळे पाहावयास मिळते. अंगठीत बसविलेला तो खडा पुष्कळांना खनिज वाटतो. वस्तुतः तो एका प्राण्याने बांधलेला सांगाडा होय. पॉलिप नावाचे मऊ अंगाचे इवलेसे सागरी जीव चुनखडीसारखा कठीण पदार्थ स्रवतात. असंख्य पॉलिप एकमेकांना चिकटून पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत राहिले, म्हणजे समुद्रात प्रवाळाचे खडक उभे राहतात.

काचेच्या हौदात खारे पाणी भरून घरी प्रवाळ वाढविण्याची हौस जगात अनेकांना आहे. पण ही हौस मोठी अवघड! पाणी बिघडले तर मासा निदान हौदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो. पॉलिप मात्र जागचा हलत नाही. पाण्याची उष्णता, खारटपणा, प्रवाह आणि वरून येणारा प्रकाश, हे सारे त्याला स्थिर हवे असते. खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. भाडे चुकते करणारे भाडेकरूच म्हणा ना! परंतु नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल उष्णतेपेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे सख्य मोडते. शैवले बाहेर टाकली जातात, प्रवाळ पांढरे फटक पडते व त्याची उपासमार सुरू होते.

आपल्या देशात 2001 पासून अशा प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून पुण्यास आणणे हा गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच आहे.

असे असले तरी पॉलिप म्हणजे काय, हे पाहण्यासाठी पुणेकराला समुद्र गाठावा लागत नाही. प्रवाळाचा एक आप्त गोड्या पाण्यात राहतो. त्याचे नाव जलव्याल; इंग्रजीत त्याला हायड्रा म्हणतात. संथ व स्वच्छ तळ्यातील पाणवनस्पतींच्या पानांना तो चिकटून असतो. शरीर एखाद्या बारीक नळीसारखे, लांबी फार तर एक सेंटिमीटर, आणि तोंडाभोवती दोऱ्यासारखे संस्पर्शक.

या प्राणिकुळाशी पुण्याचे नाते जुने आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ; पण विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीतील नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. जेलीफिश हाही प्रवाळाचा नातलगच. त्या प्रजातीचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेत आढळले होते. पुढे 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, ती आघारकरांच्याच पुढाकाराने. तिच्या संशोधन संस्थेला 1992 साली त्यांचे नाव देण्यात आले. याच संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे जलव्यालाचा अभ्यास केला. 2011 साली त्यांनी भारतातील सामान्य जलव्यालाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या वाणाच्या नावातच पुण्याचे नाव आहे.

जलव्याल मोठा चिवट आहे. 1740 च्या सुमारास हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेम्ब्ली या खाजगी शिक्षकाने त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा काही दिवसांत प्रत्येक तुकड्याचा एकेक पूर्ण प्राणी झाला! कात्रीला न भिणारा हा जीव घाणेरड्या पाण्यापुढे मात्र हार मानतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याला सोसत नाही. तांब्याचा अत्यल्प अंशही त्याचा घात करतो.

म्हणून प्रयोगशाळेत त्याची बडदास्त ठेवावी लागते. पुण्यात वैशाखात पारा 40 अंशांच्या आसपास जातो. जलव्यालाची काचपात्रे मात्र सुमारे 18 अंश सेल्सिअसवर ठेवतात. पाण्यात कॅल्शियम व इतर क्षार मोजून घालतात. बारा तास उजेड, बारा तास अंधार असा क्रम असतो. खाद्य जिवंतच लागते. खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया या प्राण्याची नुकती अंड्यातून निघालेली पिले, मीठ धुऊन काढून, त्याला देतात. जलव्यालाला तोंड हे एकच द्वार; अन्न आत जाते तेथूनच, आणि उरलेला भाग बाहेर पडतो तोही तेथूनच. त्यामुळे जेवणानंतर काही तासांनी पाणी बदलावेच लागते.

त्याची प्रकृती संस्पर्शकांवरून कळते. ते लांब व सैल पसरलेले असले, म्हणजे प्राणी सुखात आहे. पाणी बाधू लागले की प्रथम त्यांची टोके गदेसारखी जाड होतात, मग संस्पर्शक आखूड होत जातात. एवढ्यात शुद्ध पाणी मिळाले तर तो पुन्हा सावरू शकतो. अंगाचा गोळा होऊन शरीर विरू लागले, की मग इलाज उरत नाही.

पोटभर अन्न आणि निर्मळ पाणी लाभलेल्या जलव्यालाच्या अंगावर कोंब फुटतो. त्याला संस्पर्शक येतात, तोंड उमलते, आणि तीन-चार दिवसांत पिलू सुटे होऊन काचेवर दुसरीकडे बूड टेकते. प्रवाळालाही असेच कोंब फुटतात. परंतु ते आईला चिकटूनच राहतात, आणि त्यांचाच पुढे खडक होतो.