रिमला बसतो म्हणून घेतलेला टायर

मे महिन्यातली दुपार. ओतूरहून व्हॅनमध्ये टोमॅटोचे चोवीस क्रेट भरून मी आणि दादा कल्याणच्या मार्केटला निघालो होतो. माळशेज उतरलो, टोकावडे मागे पडलं आणि मागचा डावा टायर धाडकन फुटला. गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं, एवढंच त्या क्षणी सुचलं. समोरून एसटी येत होती, ती निघून गेली. कडेला थांबल्यावरही दादाने दाराची मूठ सोडली नव्हती.

टायर दोनच महिन्यांपूर्वी टाकलेला, नक्षी नवी कोरी. मला वाटलं खिळा गेला असेल. स्टेपनी चढवायला मदत करणाऱ्या पंक्चरवाल्याने मात्र फुटलेला टायर आणि स्टेपनी शेजारी उभे केले आणि दोन्हींवरचे आकडे मला वाचायला लावले. स्टेपनी गाडीबरोबर आलेली होती. तिच्यावर १५५ आर १३ एलटी, पुढे ८५/८३. फुटलेल्यावर १५५/८० आर १३, पुढे ७९. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. मी घातला होता तो मोटारीचा. रिम तीच, त्यामुळे दुकानात तो सहज बसला होता आणि स्वस्तही पडला होता. दुकानदाराने माल काय भरता ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

७९ आणि ८५ मध्ये सहाचाच तर फरक, असं वाटतं. पण हे आकडे किलो नव्हेत, तक्त्यातले क्रमांक आहेत. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. (तिरक्या रेघेनंतरचा ८३ जोडचाकांसाठी असतो, आपल्या व्हॅनला पहिलाच आकडा धरायचा.) पुढच्या खेपेला तेवढाच माल भरून गाडी वजनकाट्यावर नेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. ९६० किलो भरलं. मोटारीचे दोन टायर मिळून ८७४ पेलतात, एलटीचे दोन १०३०. आरसीवरच्या वजनाच्या आत राहून, एकही क्रेट जास्त न भरता, मी त्या टायरांवर रोज ८६ किलो जादा घालत होतो.

म्हणून कळकळीने सांगतो, नवा टायर घेण्याआधी भरलेल्या गाडीचं मागच्या चाकांवरचं वजन एकदा करून घ्या. एकूण वजन पाहून भागत नाही, कारण व्हॅनमध्ये माल बहुतेक मागच्या चाकांवर येतो. आलेल्या वजनाचा अर्धा भाग काढा आणि त्याहून बराच जास्त भार पेलणारा क्रमांक निवडा. क्रेट एका बाजूला जास्त रचले, तर त्या बाजूच्या टायरवर अर्ध्याहून जास्त भार येतो. गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा खालचा क्रमांक कधीच घेऊ नका. वरचा घेतलात म्हणून माल वाढवू नका; स्प्रिंग, ॲक्सल आणि ब्रेक जुनेच असतात.

हवेकडे माझं तर अजिबात लक्ष नव्हतं. टायरवर कोरलेला भार योग्य हवा असेल तरच पेलला जातो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आतून तापते आणि उन्हाळ्यात घाट उतरल्यावर तिथेच फाटते. आमचा टायरही बाजूलाच फाटला होता. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, थंड टायरमध्ये तपासा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतात. वाटेत टायर तापून हवा वाढलेली दिसली तरी काढू नका.

दुकानात पावती होण्याआधी टायरच्या बाजूचे चार अंकही वाचा. ३२२३ म्हणजे २०२३ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. आणि स्टेपनीसुद्धा त्याच भाराची ठेवा. त्या दिवशी आमच्याकडे तशी होती, म्हणून टोमॅटो संध्याकाळी कल्याणला पोचले. परत आल्यावर दादाने उजव्या बाजूचा जोडीचा टायर स्वतः उतरवला आणि मला त्याच आठवड्यात दोन एलटी टायर घ्यायला लावले.