वाळवंटाच्या सहलीआधी औषधांचा डबा उघडा

वाळवंट बघायचे म्हटले की हुबळी-धारवाडकडची बहुतेक कुटुंबे जैसलमेर ठरवतात आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्यांपाशी एक रात्र तंबूत काढतात. जागा देखणी आहे, जरूर जावे. शेजारी डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे. नशिबात असेल तर माळढोकही दिसतो. पण तिकिटे, हॉटेल, उंटाचे दर असे सगळे ठरून गेल्यावर कोणीतरी दवाखान्यात येऊन विचारते, "डॉक्टर, आईला नेलं तर चालेल ना?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा आहे. सहल घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या बेताने आखा. तरुण मंडळी त्यात आपोआप सामावतात.

पहिली गोष्ट महिन्याची. आपल्याकडे दसऱ्याची सुट्टी बहुधा ऑक्टोबरात येते आणि मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्यात तिकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा तो विचारच नको. ऑक्टोबरच्या दुपारीही ३५ अंशांच्या आसपास ऊन असते. अंगाला अशा उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि आपली सहल असते चार दिवसांची. म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर डिसेंबर-जानेवारीच धरा, मुलांचे शाळेचे दोन दिवस बुडाले तरी चालतील.

आपल्याकडे घाम आला की सदरा ओला होतो, लगेच कळते. तिकडच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या सुकतो. अंगातले पाणी जात असते आणि अंग मात्र कोरडे, त्यामुळे काही बिघडतेय असे वाटतच नाही. वय झाले की तहानेची जाणीवही मंदावते. त्यात आपल्या घरोघरी दिसणारी गोष्ट अशी की प्रवासात आई, सासूबाई, मावशी मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही याची धास्ती. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. हे बायकांवर सोडून देऊ नका. दर दोन तासांनी गाडी कुठे थांबणार हे ड्रायव्हरशी निघतानाच बोलून घ्या आणि ते सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे त्या निर्धास्तपणे पाणी पितील. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पाणी पुरेसे आहे. गडद झाला की कमी पडते आहे.

ओआरएसची पाकिटे इथूनच न्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, एकदम पूर्ण. अर्धे पाकीट ग्लासात टाकले तर मिठाचे प्रमाण चुकते आणि लहान मुलांना ते बाधते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. दुकानातली खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ज्या पेयांचे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी जुळत नाही, त्यांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयने २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली, हे चांगले झाले.

आता तो डबा. रक्तदाबाच्या किंवा पायांच्या सुजेच्या गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असेल, मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर उन्हात पाणी लवकर कमी पडते. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की उलट्या-जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची. रात्री अकरा वाजता तंबूत हा कागद फार उपयोगी पडतो.

इन्शुलिनचे एक सोपे तंत्र आहे. रुंद तोंडाचा थर्मास बर्फाच्या पाण्याने गार करा, पाणी ओतून टाका, आतून पुसा आणि कोरड्या रुमालात गुंडाळलेली कुपी किंवा पेन आत ठेवा. बर्फाला थेट लागू देऊ नका. एकदा गोठलेले इन्शुलिन फेकूनच द्यावे लागते. उन्हात उभ्या गाडीत तर ते कधीच ठेवू नये. आणि ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. तापलेल्या वाळूने तळवा भाजतो आणि दुखत नाही म्हणून फोड संध्याकाळी मोजे काढताना दिसतो.

उंटावर बसायची हौस सगळ्यांनाच असते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तोच झोक. दोन्ही वेळा मागे रेलून खोगीर घट्ट धरायचे. गरोदर स्त्रिया, मणक्याची शस्त्रक्रिया झालेले आणि हाडे ठिसूळ झालेले यांनी उंट आणि टेकड्यांवर उसळणारी जीप, दोन्ही टाळावे. जीपच्या एका आदळण्याने मणका दबू शकतो. त्यांना उंटगाडी मिळते, सूर्यास्त तिथूनही तोच दिसतो.

मुलांना वाळूत खेळू द्या, पण गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणून आत उतरू देऊ नका. कोरडी वाळू क्षणात ढासळते आणि आत अडकलेल्या मुलाला काढायला हात पुरत नाहीत. दमेकऱ्यांनी पंप सामानात नव्हे, खिशात ठेवावा.

रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो, तेव्हा कानटोप्या आणि स्वेटर हवेतच. बंद तंबूत कोळशाची शेगडी मात्र कधीही पेटवू नका, तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. खाटेवर झोपा, सकाळी बूट झटकून घाला. त्या भागात फुरसे आहे, मण्यार आहे, विंचू आहेत. साप चावला तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे दिसले तर एक मिनिट घालवू नका. यावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी आहे हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. पण ते डॉक्टरांच्या हातचे औषध आहे, घरच्या डब्यातले नव्हे.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा, घाम असो वा नसो. सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. समहून जैसलमेरच्या जिल्हा रुग्णालयाला पाऊण-एक तास लागतो आणि तिथून जोधपूर पावणेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, डायलिसिसवर असलेल्यांना मी म्हणूनच तिकडे जाऊ नका असे स्पष्ट सांगतो.

त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात तलकाडू आहे. म्हैसूरपासून ४५ किलोमीटरवर, कावेरीकाठी, वाळूत गाडली गेलेली देवळे. हुबळीहून म्हैसूरला रात्रीच्या गाडीने जाता येते आणि मोठी रुग्णालये तासाभराच्या अंतरावर आहेत. दर्शन सकाळी लवकर घ्या, देवळाबाहेर चपला काढाव्या लागतात म्हणून जाड मोजे जवळ ठेवा, आणि मुलांना कावेरीत उतरू देऊ नका. तिथे पात्रात भोवरे आहेत आणि पोहणारी माणसेही बुडालेली आहेत.