आल्याचें बेणें कसें राखावें

थंड मुलखांत कोवळे कंद हिमापासून राखतात. आम्हां कन्नडकरांस ते उन्हापासून राखावे लागतात. आलें माघाच्या सुमारास निघतें, लागण वैशाखांत होते. मधल्या काळांत बेणें सुकतें किंवा कुजतें. चांगलें तें बाजारास व उरलेलें बेण्यास, ही रीत आम्हांस घातक वाटते. निरोगी, न दुखावलेले कंदच बेण्यास निवडावे. सावलींत, पाणी न साचणाऱ्या उंच जागीं खड्डा खणून तळाशीं कोरडी वाळू पसरावी. वर कंद व वाळू यांचे थर द्यावे. तोंडाशीं वीतभर जागा मोकळी ठेवून भोकें पाडलेली फळी झांकावी. अधूनमधून उघडून कुजका कंद लागलीच काढावा; एक कुजका सारा खड्डा नासवितो. रोगट बेणें स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. त्यानें जमीनही बिघडते.